ताईची सही, वसईची मावशी आणि दोन नोव्हेंबर



मागे सौंसरच्या छोट्या लाईनच्या गाडीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा पुष्कळांचे फोन आले. आजचं लिखाण तसं गोड नाही. माझ्याच घरातली गोष्ट आहे आणि त्यात चूक माझी आहे. लिहायच्या आधी ताईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण माहं नाव नको टाकू." म्हणून या लेखात कोणाचंच घरचं नाव नाही.

२५ जुलै २०२४ ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेल्याची बातमी वाचली. २०२० साली उस्मानाबादला ९३ वं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. बायबलचं त्यांनी सोप्या मराठीत भाषांतर केलं, 'सुबोध बायबल'. त्यांची माझी ओळख नव्हती. पण बातमीत 'वसई' हा शब्द वाचला आणि माझं मन थेट १९८५ सालात गेलं. त्या वर्षी मला बढती मिळाली आणि बँकेनं मला मध्य प्रदेशातून उचलून वसईला टाकलं. तिथं मी तीन वर्षं काढली.

आपण सौंसर-पांढुर्ण्याची माणसं. १९५६ पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते. मग नागपूर तिकडं गेलं, आपण इकडं राहिलो. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. ख्रिस्ती माणूस म्हटला की आमच्या डोळ्यासमोर नागपूरच्या सदरमधलं मोठं चर्च आणि तिथले इंग्रजी बोलणारे फादर यायचे. वसईला जाऊन पाहतो तर काय, कॅथलिक माणसं, पण शेती करणारी! केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, पानवेली, विहिरी. घरात जी भाषा बोलत ती मला सुरुवातीला कळायचीच नाही, पण ती मराठीचीच बोली. आमच्या वऱ्हाडीला पुणेकर हसतात, तसं त्यांच्याही बोलीला कोणी हसलं असेल. मला ती माणसं आपलीच वाटली.

मी ज्यांच्या माडीवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, त्या घराची मालकीण साठीची विधवा बाई होती. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला 'साहेब' म्हणायची, मग काही महिन्यांनी 'भाऊ' म्हणायला लागली. तिचे यजमान दादरच्या बाजारात फुलं पाठवायचे. मी राहायला गेलो त्याच्या दोन वर्षं आधी ते वारले होते.

रोज संध्याकाळी सात-साडेसातला खालच्या खोलीत रोझरी चालायची. जपमाळच ती. मावशी, तिची सून, दोन नातवंडं. एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा. एकदा मी विचारलं, "मावशी, यात तुम्ही मागता तरी काय?" ती म्हणाली, "मरियेला सांगतो, आमच्यासाठी प्रार्थना कर, आता पण आणि मरायच्या वेळी पण." मी बँकेचा माणूस, लगेच मोजलं. पाच दशकं, प्रत्येकात दहा वेळा. म्हणजे ही बाई दिवसाला पन्नास वेळा स्वतःच्या मरणाची आठवण काढते. आणि तेवढं करून पुन्हा आमटीला फोडणी द्यायला जाते! आमच्या घरी मरणाचं नाव काढलं की आई 'शुभ बोल' म्हणून गप्प करायची. इथं लहान पोरं तो शब्द रोज पन्नास वेळा म्हणत होती आणि कोणी घाबरत नव्हतं.

पहिल्याच वर्षी नोव्हेंबर आला. एक नोव्हेंबरला सगळ्या संतांचा सण. दुसऱ्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, मृतांचा दिवस. अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी हा दिवस आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि तिथून तो सगळीकडं पसरला. आठवडाभर आधीपासून गावातली माणसं दफनभूमीत जाऊन गवत काढत होती, क्रूस धूत होती, चुना मारत होती. संध्याकाळी मावशी म्हणाली, "भाऊ, येता का?" मी गेलो. सगळीकडं मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं. फादर कबरींवर आशीर्वादित पाणी शिंपडत फिरत होते. रडारड नव्हती. माणसं आपापल्या माणसाजवळ उभी होती, जशी दवाखान्यात खाटेजवळ उभी राहतात.

मी आपलं म्हटलं, "आमच्याकडं पण असंच असतं. पोळा झाला, गोटमार झाली, गणपती गेले की पितृपक्ष. आम्ही पितरांना जेवू घालतो, पाणी देतो."

मावशी म्हणाली, "आम्ही जेवू नाही घालत. आम्ही त्यांना धुवायला मदत करतो."

मला काही समजलं नाही. पुढं त्या धर्मग्रामाच्या फादरांशी ओळख झाली. ते बँकेत यायचे, मराठी चांगलं बोलायचे. एकदा चहावर मी त्यांना हेच विचारलं. त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे थोडंफार वाचलं, ते माझ्या शब्दांत मांडतो. कारण या विषयावर आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. माझेही होते.

कॅथलिक शिकवणीत स्वर्ग आहे, नरक आहे आणि आणखी एक अवस्था आहे. इंग्रजीत तिला पर्गेटरी म्हणतात, मराठीत शुद्धिस्थान म्हणू. मला वाटायचं, हा मधला वर्ग असेल. फार चांगले फर्स्ट क्लासात, फार वाईट बाहेर, आणि मधले वेटिंग लिस्टवर, पुढं पास की नापास ते ठरेल. तसं नाही. शुद्धिस्थानात जो आहे त्याचा निकाल लागलेला आहे. तो देवाच्या मैत्रीतच मेला आहे, तो स्वर्गात जाणारच. फक्त अजून तयार नाही.

मी विचारलं, "देवानं माफ केलं ना एकदा? मग आणखी काय राहिलं?"

फादर म्हणाले, "तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे. लग्नघरी पाहुणा येतो. आमंत्रण आहे, यजमान दारात उभा आहे, पान वाढलेलं आहे. पण पाहुणा रानातून आलाय, पाय चिखलानं भरलेत. यजमान त्याला हाकलत नाही. पाणी देतो. आणि पाहुण्यालाही तसं आत जाववत नाही. पाय धुणं ही शिक्षा नाही, पण पाणी थंड असतं आणि चिखल वाळलेला असला तर घासावंही लागतं."

मी म्हटलं, "आमच्या बँकेत उचंत खातं असतं तसं. जी नोंद कुठं बसत नाही ती तात्पुरती तिथं टाकायची, नंतर जुळवायची."

ते हसले. म्हणाले, "तुम्ही हिशेबावर आणता. हिशेबच धरायचा तर एवढं धरा. चूक माफ होते, पण चुकीनं केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. शेजाऱ्याचं चोरलेलं परत न देता नुसती माफी मागितली, तर ती माफी तोंडातच राहते. आणि चोरी करताना मनाला जी सवय लागली, तीही एका शब्दानं जात नाही. ते सगळं जायला हवं. इथं गेलं तर उत्तम. नाहीतर तिथं."

ही शिकवण काही एका दिवसात लिहिली गेली नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची पद्धत आधीची, तिचा अर्थ लावणं नंतरचं. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांच्या पापासाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला अर्पण पाठवतो, अशी गोष्ट आहे. कॅथलिक बायबलात हा ग्रंथ आहे, प्रॉटेस्टंट तो बायबलात धरत नाहीत आणि शुद्धिस्थानही मानत नाहीत. मधल्या काळात या शिकवणीचा धंदाही झाला. पैसे भरा आणि पापाच्या शिक्षेतून सूट मिळवा, असा व्यवहार सुरू झाला. १५१७ साली मार्टिन ल्यूथर उभा राहिला तो त्याविरुद्धच. नंतर १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेनं शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण तिच्यावर पैसा कमावायला मनाई केली. आपल्याकडं गयेला आणि प्रयागला श्राद्धाच्या नावानं काय काय चालतं ते आपण पाहिलेलं आहे. त्यामुळं मला यात नवल वाटलं नाही.

आणि ती आग? चित्रांत ज्वाळा दाखवतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या एका पत्रात लिहिलं आहे की ही जाळणारी आणि वाचवणारी आग म्हणजे खुद्द ख्रिस्तच, असं आजचे काही धर्मपंडित मानतात. ज्याच्याशी आपण खोटं वागलो, त्याच्या समोर उभं राहून त्याच्या डोळ्यात बघणं, हेच जळणं. हे वाचलं तेव्हा मला ताईचे डोळे आठवले. पण ते पुढं सांगतो.

आधी संतांचं सांगतो, कारण ते यालाच जोडून आहे. मावशीच्या देव्हाऱ्यात, म्हणजे भिंतीवरच्या लाकडी कोनाड्यात, संत जोसेफची तसबीर होती. त्यांच्याकडं समजूत अशी की जोसेफ येशू आणि मरिया जवळ असताना मेला, म्हणून तो चांगल्या मरणाचा कैवारी. दुसरा संत गोन्सालो गार्सिया, खुद्द वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. हा आधी व्यापारी होता, मग फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ साली पोपनं त्याला संत जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो. म्हणजे मरणानंतर २६५ वर्षांनी मंजुरी! फाईल एवढी लांब चाललेली मी बँकेतही पाहिली नाही. एरवी तर चौकशी होते, चमत्कार तपासतात. आपल्याकडं तुकोबा, ज्ञानोबा, शेगावचे गजानन महाराज, यांना कोणी सर्टिफिकेट दिलं नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं, झाले संत.

पण मावशीचा संतांशी व्यवहार पाहिला तर तो आपल्यासारखाच. तिचं म्हणणं, "एकच घर आहे. काही माणसं माडीवर पोचली, ते संत. काही पायरीवर पाय धुतायत, ते आमचे गेलेले. आणि आम्ही अजून अंगणात. माडीवरच्यांना आम्ही हाका मारतो, पायरीवरच्यांना पाणी देतो." शुद्धिस्थानातला माणूस स्वतःसाठी काही करू शकत नाही, त्याची करण्याची वेळ संपली, असं त्यांची शिकवण सांगते. करायचं ते अंगणातल्यांनी. प्रार्थना, दानधर्म, त्याच्या नावानं मिस्सा.

आणि इथंच मावशीनं मला तिच्या यजमानांची गोष्ट सांगितली.

त्यांच्या वाडीला लागून एका गरीब माणसाची वाडी होती. यजमानांनी दरवर्षी थोडा थोडा करत बांध सरकवला होता. फार नाही, दोन-अडीच हात. पण विहिरीकडची चांगली जमीन. शेजारी भांडला, मग थकला. यजमान मेले. मावशीनं मिस्सा सांगितल्या, मेणबत्त्या लावल्या. ती म्हणाली, "भाऊ, सहा महिने मी हे केलं. एक दिवस चर्चमध्ये बसले होते आणि मला लाज वाटली. बांध तसाच ठेवून मी देवाला सांगते, माझ्या नवऱ्याला धुऊन घे. मग मी मुलांना बोलवलं. मुलं रागावली. मी म्हटलं, तुमचा बाप पायरीवर उभा आहे, आणि त्याच्या पायाचा चिखल आपल्या वाडीत आहे." मुलांनी शेवटी बांध जुन्या जागी नेला. त्या शेजाऱ्याला बोलावून त्याच्या देखत दगड रोवले.

मी ही गोष्ट ऐकली १९८७ च्या आसपास. फार भारावलो. बायकोला सांगितली, गावाला आलो तेव्हा मित्रांना सांगितली. लोक वा वा म्हणाले.

आता माझं ऐका.

१९९१ साली आमचे बाबा वारले. आई आधीच गेली होती. सौंसरजवळ सहा एकर शेत होतं, त्यात संत्र्याचा बगीचा. वडिलोपार्जित नव्हे, बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. आम्ही तिघं. मोठे भाऊ, मग ताई, मग मी. १९५६ च्या कायद्यानं तिघांचे तीन सारखे वाटे. मी बी.कॉम. झालेला, कायद्याचा पेपर देऊन पास झालेला, बँकेत जमिनीचे कागद तपासणारा माणूस. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

१९९२ साली आम्ही ताईला पांढुर्ण्याहून बोलावलं आणि हक्कत्यागाच्या कागदावर तिची सही घेतली. भाऊ म्हणाले, "रीत आहे, बहिणी सही देतात." मी काही म्हणालो नाही. उलट कागद मीच वाचून पाहिला, त्यात एक चूक होती ती दुरुस्त करायला लावली. ताई सातवी शिकलेली. तिनं विचारलं, "कायचा कागद आहे बापू?" ती मला बापू म्हणते. मी म्हटलं, "काही नाही ताई, फॉर्म्यालिटी आहे." तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली. तिला साडीचोळी दिली, जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं. मावशीची गोष्ट ऐकून मला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती.

पुढं ताईचे दिवस वाईट आले. भाऊजींचं दुकान बसलं, मग त्यांचं आजारपण, मग तेही गेले. मुलगा दुसऱ्याच्या दुकानात कामाला. मी दिवाळीला, राखीला पैसे द्यायचो. हजार, दोन हजार. मोठ्या मनानं द्यायचो आणि मनात स्वतःची पाठ थोपटायचो. २००४ साली मी माझे तीन एकर विकले, सहा लाख आले, ते नागपूरच्या फ्लॅटला लावले. ताई वास्तुशांतीला आली. सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाली, "छान झालं बापू." बस.

दरवर्षी पितृपक्षात बाबांच्या तिथीला मी श्राद्ध करत आलो. अक्षयतृतीयेला पाण्याची घागर. कधी खाडा नाही. कावळा लवकर शिवला नाही की जीव कासावीस व्हायचा, बाबांची काय इच्छा राहिली असेल बरं? काय राहिली असेल ते मला कागदासकट माहीत होतं.

२०२४ च्या जुलैत फादर दिब्रिटोंची बातमी आली आणि हे सगळं एकदम वर आलं. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. एक स्टेंट बसलेला. रात्री झोप लागेना. मी हिंदू माणूस, शुद्धिस्थान आहे की नाही ते मला ठाऊक नाही. आपल्याकडं कर्म आहे, पुनर्जन्म आहे, पितृलोक आहे, तो मांडणीचा प्रकारच वेगळा. दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही, ते दोघांवरही अन्याय करणं होईल. पण फादरांचं एक वाक्य दोन्हीकडं खरं वाटलं. इथं गेलं तर उत्तम. मला वाटलं, मी मेल्यावर माझा मुलगा माझं श्राद्ध करेल, आणि ताईचा वाटा याच फ्लॅटच्या भिंतीत राहील. त्याला तर माहीतही नाही. मग हा बांध कोण हलवणार?

मी कागद-पेन घेऊन बसलो. सहा एकरांत ताईचे दोन एकर. त्यातला एक एकर माझ्या वाट्यात आला, एक भावाच्या. म्हणजे माझ्या सहा लाखांतले दोन लाख तिचे. वीस वर्षं झाली. व्याज? पहिल्यांदा मी सहा टक्के साधं व्याज लावलं. चार लाख चाळीस हजार झाले. बरं वाटलं, जमण्यासारखं होतं. मग स्वतःचीच लाज वाटली. कर्जदाराला आपण कधी साधं व्याज लावलं का? बहिणीच्या वेळीच बरं साधं आठवलं! सात टक्के चक्रवाढीनं काढलं. सात लाख चौऱ्याहत्तर हजार. आकड्याखाली रेघ मारली आणि बायकोला दाखवलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एफडी मोडा. पण मुलाला आधी सांगा, मागून कळायला नको." मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आत्याला इतकी वर्षं का नाही दिलं?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

पोळ्याला ताईकडं जायचा विचार होता. पण दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे झेंडा, आणि दिवसभर दगड. कोणे एके काळी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवली म्हणतात, त्याचे दगड आजही चालू. दरवर्षी माणसं जखमी होतात. आपण दगड विसरत नाही, चूक कोणाची होती ते मात्र विसरतो. ती गर्दी टाळून मी गणपती झाल्यावर, पितृपक्ष लागल्यावर गेलो. नवीन कामाला हे दिवस बरे नाहीत म्हणतात. मला वाटलं, जुन्या कामाला हेच बरे.

ताई ओट्यावर बसून चवळीच्या शेंगा तोडत होती. "काहून रे, न सांगता आला? पाय धू आधी." बादली दाराशी होती. मी पाय धुतले. आत बसलो. चेक आणि हिशेबाचा कागद तिच्यापुढं ठेवला आणि जे बोलायचं ते बोललो. सहीचं, फॉर्म्यालिटीचं, कागदातली चूक दुरुस्त केली तेही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले माहीत होतं बापू."

"काय माहीत होतं?"

"कागद कायचा होता ते. मी सातवी शिकली आहो. मोठ्यानं घेतली असती सही, त मले काही नसतं वाटलं. तू खोटं बोलला, ते लागलं मले."

मला वाटलं होतं ती चेक परत करेल, मी आग्रह करीन, दोघं रडू आणि सगळं निवळेल. आपण कथांमध्ये असंच वाचतो. तसं झालं नाही. तिनं चेक घेतला, आकडा दोनदा वाचला, घडी घालून पोथीच्या डब्यात ठेवला. म्हणाली, "भाऊजीच्या आजारपणात लागत होता हा पैसा." एवढंच. मी मान खाली घातली. फादरांचं बोलणं मला त्या क्षणी खरं कळलं. तिनं बहुतेक मला कधीच माफ केलं होतं. घरी बोलवायची, राखी बांधायची. पण माफीनं भाऊजींचं औषध आलं नव्हतं. जे नुकसान झालं त्यातलं काही मी भरलं, आणि काही आता कोणालाच भरता येणार नाही. ते माझ्याबरोबर येईल, जिथं कुठं जायचं तिथं.

भावाच्या वाट्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तो त्यांचा विषय. ते माझ्याशी सध्या बोलत नाहीत.

पितृमोक्ष अमावस्येला ताई मुलाला घेऊन नागपूरला आली. स्वयंपाक तिनं आणि बायकोनं मिळून केला. कढी, वडे, खीर. बाबांचं पान मी वाढलं, पाणी ताईनं सोडलं. कावळा आला की नाही ते मी गच्चीवर जाऊन बघितलं नाही. दोन नोव्हेंबरला मी वसईच्या मावशीचं नाव घेऊन घरातच एक मेणबत्ती लावली. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली असतील. तिला मदतीची गरज असेल असं मला वाटत नाही. पण तिच्याच शिकवणीप्रमाणे, अंगणातल्यांनी पाणी द्यायचं असतं.

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण सत्तरी ओलांडलेले. वारसपत्र, नॉमिनेशन, लॉकरची चावी, हे सगळं आपण नीट करून ठेवतो आणि त्याला तयारी म्हणतो. ते कराच, बँकवाला म्हणून सांगतो. पण त्याबरोबर एक कागद आणखी काढा. कोणाचा बांध आपल्याकडं सरकलेला आहे, कोणाची सही आपण कशी घेतली, तेवढं लिहा. रक्कम लहान असेल तर चेकनं भागेल. नसेल तर निदान जाऊन बोला, समोरचा माणूस जिवंत आहे तोवर. व्याज चक्रवाढीनंच लावा.

परवा ताईचा फोन आला होता. तिच्या मुलानं स्वतःचं छोटं दुकान घेतलं. म्हणाली, "बापू, उद्घाटनाले ये. आन फॉर्म्यालिटी नको करू, चार दिवस राह्यले ये."

जातो आहे.